न खाल्लेल्या केकची आठवण

‘तुमच्या स्मरणात राहिलेल्या एका वाढदिवसाच्या केकचे वर्णन करा. तो कसा होता, कोणी दिला, कोठे कापला आणि तो लक्षात का राहिला, ते सांगा.’ इंग्रजी संभाषणाचा सराव करणाऱ्यांपुढे आज जे ठरावीक विषय ठेवले जातात, त्यांत हा विषय चांगलाच रुळला आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांना द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेच्या सरावसाहित्यात तो सापडतो, आणि तालुक्याच्या गावी भरणाऱ्या ‘स्पोकन इंग्लिश’च्या वर्गांत त्याची भावंडे भेटतात : आवडते हॉटेल, विमानाचा पहिला प्रवास, सुट्टीतील सहल, मित्राने दिलेली मेजवानी. प्रश्न वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. त्यात राजकारण नाही, वादग्रस्त काही नाही, कोणाला जड वाटावे असे पांडित्यही नाही. तरीसुद्धा गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एखादा विद्यार्थी या प्रश्नापुढे उभा राहतो, तेव्हा त्याची अडचण केवळ इंग्रजी शब्दांची नसते. ज्या आठवणीचे वर्णन करावयाचे, ती आठवणच पुष्कळदा त्याच्यापाशी नसते.

अशा वेळी तो काय करतो? बहुधा तयार उत्तर पाठ करतो. त्या उत्तरातला केक तीन मजली असतो, त्यावर चॉकलेटचा थर असतो, मामा तो मुंबईहून आणतात, मित्र दिवे मालवून एकदम टाळ्या वाजवतात आणि उत्सवमूर्तीच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहतात. वाक्ये शुद्ध असतात, विशेषणे भारदस्त असतात. फक्त त्यातले काहीही घडलेले नसते. भाषा शिकण्याच्या नावाखाली विद्यार्थी दुसऱ्याची आठवण स्वतःची म्हणून सांगण्यास शिकतो. आक्षेप आहे तो या व्यवहाराला.

केकचा काय दोष?

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. केक परका आहे, म्हणून तो आपल्या वर्गात नको, असे येथे म्हणावयाचे नाही. वयाइतक्या मेणबत्त्या केकवर लावण्याची चाल अठराव्या शतकातील जर्मन घरांतून आली, हे खरे. केक हलका व फुगीर करणारी बेकिंग पावडर १८४३ साली आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनविक्रेत्याने तयार केली, आणि तीही त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून, हेही खरे. परंतु पदार्थाचा जन्म कोठे झाला यावरून तो कोणाचा हे ठरत नाही. बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. त्यांच्यावाचून आपल्या स्वयंपाकघराची आज कल्पनाही करता येत नाही. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांनी केक मराठी माणसाच्या जिभेवर केव्हाच बसवला. मध्यमवर्गीय घरांतून पातेल्यात वाळू तापवून, तीवर डबा ठेवून गृहिणींनी रव्याचे आणि अंड्यावाचूनचे केक केले. आता तर गोंदिया, तिरोडा, आमगाव येथील दुकानांतून केकचे खोके मोटारसायकलवरून खेड्यापाड्यांत जातात, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकांत ते कापले जातात. तेव्हा ज्याच्या घरी केक आला, त्याने त्याचे वर्णन अवश्य करावे. ते त्याचे आहे.

प्रश्न आहे तो ज्याच्या घरी केक आला नाही त्याचा. ‘संस्मरणीय’ हे विशेषण प्रश्नकर्त्याने आधीच केकला जोडून टाकले आहे. उत्तर देणाऱ्याचे काय संस्मरणीय आहे, हे त्याला कोणी विचारलेले नाही. अशा प्रश्नापुढे गप्प बसलेला विद्यार्थी ‘कच्चा’ ठरतो आणि खोटा केक सांगणारा ‘हुशार’ ठरतो. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, की विद्यार्थ्याच्या मनात एक समज घट्ट होतो : आपले खरे आयुष्य इंग्रजीत सांगण्याच्या योग्यतेचे नाही. गोंदियासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही गोष्ट व्याकरणाच्या शंभर चुकांहून अधिक हानिकारक आहे.

शाळेने दिलेला वाढदिवस

केक बाजूला ठेवला तरी वाढदिवस ही काही सर्वत्र सारखी असलेली वस्तू नव्हे. महाराष्ट्रातील खेड्यांत ज्यांचा जन्म १ जूनचा किंवा १ जुलैचा आहे, अशा माणसांची संख्या पाहिली तर त्या दोन दिवशी निसर्गाने काही विशेष कृपा केली असावी, असे वाटेल! प्रत्येक शिक्षकाला आणि लिपिकाला यामागचे रहस्य ठाऊक आहे. मूल शाळेत दाखल करण्यास आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता येत नसे. ‘रोवणीच्या वेळचा आहे’, ‘मोहफुले वेचण्याचे दिवस होते’, ‘तलाव फुटला त्याच्या दुसऱ्या वर्षी झाला’, अशी उत्तरे मिळत. गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज करीत आणि दाखल-खारीज रजिस्टरात एक सोयीची तारीख लिहून टाकीत. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. परंतु कायदा होणे आणि नोंद होणे यांत खेड्यात मोठे अंतर राहिले. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्या दिवसानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. म्हणजे गुरुजींच्या अंदाजाचे युग आता कोठे संपत आले आहे.

ज्यांची जन्मतारीख अशी कार्यालयीन कामासाठी जन्माला आली, त्यांच्या घरी वाढदिवस साजरा होणार तरी कोणता? आजच्या विद्यार्थ्यांना आपली खरी तारीख बहुधा ठाऊक असते, पण त्यांच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना ती असेलच असे नाही. आता याकडे इंग्रजीच्या तासाच्या दृष्टीने पहा. ‘माझ्या आजोबांचा वाढदिवस शाळेने ठरवला’ या एका वाक्यात जेवढी गोष्ट आहे, तेवढी तीन मजली चॉकलेट केकमध्ये नाही. ऐकणारा लगेच विचारील : म्हणजे काय? शाळा कशी ठरवील? खरा जन्म कधीचा? आणि संभाषण सुरू होईल. संभाषणाच्या वर्गात याहून अधिक काय हवे?

विषय चांगला आहे

वाढदिवसाच्या केकचा विषय ज्याने प्रथम सरावासाठी काढला, त्याची योजना चुकीची नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. एखाद्या ठळक वस्तूची आठवण सांगताना आकार, रंग, चव, क्रम, माणसे आणि भावना अशा सगळ्यांना शब्द द्यावे लागतात. भूतकाळ वापरावा लागतो. मराठी माणसाला इंग्रजीतील जी दोन-तीन स्थळे नेहमी अडखळवतात, ती येथे आपोआप समोर येतात.

उपपदांचेच पहा. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांना प्रतिशब्द नाही. ‘आईने दिवा लावला. दिवा वाऱ्याने विझला’, या दोन वाक्यांत आपण ‘दिवा’ हा शब्द दोन्ही वेळा तसाच ठेवतो. इंग्रजीत पहिल्या वेळी तो ‘अ लॅम्प’ असतो आणि दुसऱ्या वेळी ‘द लॅम्प’ होतो. कारण आता तो ऐकणाऱ्याच्या ओळखीचा झाला. हा नियम फळ्यावर लिहून फारसा कळत नाही. स्वतः पाहिलेल्या दिव्याविषयी दुसऱ्याला सांगताना, तो दिवा त्याच्या ओळखीचा करून देताना, नियमाचे कारणच हातात येते. क्रियापदांचेही तसेच. ‘आईने चिला केला, आईने खीर केली’ असे म्हणताना मराठी क्रियापद पदार्थाच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीतले ‘मेड’ जागचे हलत नाही. दर वर्षी घडणारी रीत आणि एकदाच घडलेली घटना यांतील भेद मराठीत ‘ओवाळीत असे’ आणि ‘ओवाळले’ असा दाखवता येतो, तर इंग्रजीत त्यासाठी ‘वुड’ किंवा ‘यूज्ड टु’ मदतीला येते. हे सारे शिकवण्यास खरी आठवण हे उत्तम साधन आहे. पाठ केलेल्या उत्तरात हे सारे आधीच बरोबर केलेले असते, आणि म्हणूनच ते काहीही शिकवत नाही.

एवढेच नव्हे, तर ‘मी कधीही वाढदिवसाचा केक कापलेला नाही’ हे सरळ वाक्यसुद्धा व्याकरणाचा एक चांगला धडा आहे. ‘आय हॅव नेव्हर कट अ बर्थडे केक’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने जन्मापासून आजपर्यंतचा काळ एका क्रियापदात बसवला आहे. त्यापुढे ‘ऑन माय टेन्थ बर्थडे माय मदर लिट अ लॅम्प’ असे तो म्हणेल, तेव्हा पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांतील फरक त्याने पुस्तक न उघडता वापरलेला असेल. पाटावर बसवून केलेले औक्षण, निरांजनाचा प्रकाश, सुपारी व अंगठी ओवाळणारा आईचा हात, जिभेवर ठेवलेली साखर, गूळ घालून केलेली नव्या तांदळाची खीर : वर्णनाला लागणारे रंग, वास, चव आणि क्रम यांत कशाची उणीव आहे? ज्या घरी औक्षणाची रीत नाही, तेथे दुसरी काही रीत असेल. मुळीच काही केले जात नसेल, तर त्या दिवशी काय घडले हे सांगता येईल. खरे सांगावयाचे असले की विषय संपत नाही.

परीक्षेचे कारण

यावर वर्गचालक आणि पालक एक व्यावहारिक आक्षेप घेतील. ते म्हणतील, हे सर्व ठीक आहे. पण परीक्षक केकच विचारतो, त्याला दिवा सांगून गुण कसे मिळतील? आक्षेप गंभीर आहे. घरातली शिल्लक मोडून मुलाला वर्गात घालणाऱ्या पालकाला तत्त्वज्ञान सांगून भागणार नाही. तेव्हा परीक्षेची रचनाच पाहू.

आयईएलटीएसची तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. तिच्या दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड दिले जाते, विचार करण्यास एक मिनिट मिळते आणि एक ते दोन मिनिटे बोलावे लागते. गुण चार गोष्टींना असतात : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. केक किती मजली होता याला गुण नसतात. पाठ केलेली उत्तरे ओळखण्याची सवय परीक्षकांना असते. बोलण्याची लय एकाएकी सपाट होते, नजर वर जाते, आणि मध्येच एखादा शब्द विसरला की संपूर्ण इमला कोसळतो. त्याही पुढे तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून मोकळे प्रश्न येतात : लोक वाढदिवस का साजरा करतात? जुन्या चाली बदलत आहेत काय? उत्सवावर फार खर्च होतो काय? येथे पाठांतराचा विद्यार्थी उघडा पडतो. कारण ज्या केकवर त्याने दोन मिनिटे काढली, त्याच्याविषयी त्याला स्वतःचे असे मतच नसते. उलट, ‘मला केक कधी मिळाला नाही, तरी माझ्या बहिणीच्या पहिल्या वाढदिवसाला आलेला केक मी पाहिला, त्याविषयी सांगतो’ असे म्हणून जो विद्यार्थी विषय आपल्या हाताने वळवून घेतो, तो भाषा वापरतो आहे हे परीक्षकाला दिसते. विषय सोडून जाणे वेगळे आणि विषयाला आपल्या अनुभवाच्या वाटेने भिडणे वेगळे. हा भेद शिकवणे हेच तर वर्गाचे काम.

बँकेची किंवा खाजगी नोकरीची मुलाखत असो, तेथेही हेच घडते. ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाला दहापैकी आठ उमेदवार एकच उत्तर देऊ लागले, तर विचारणाऱ्याने निवड कशावरून करावी?

जुनाच रोग

हा रोग केकबरोबर आला असे मात्र नव्हे. आपल्याकडे इंग्रजी शिकण्याची परंपराच पाठांतराची आहे. गाईवरचा निबंध पाठ करून गेलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत झाडावर निबंध आला, तेव्हा त्याने गाय झाडाला बांधली आणि मग गाईचेच वर्णन केले, हा विनोद तीन पिढ्या सांगितला जात आहे. कचेऱ्यांतून अर्ज लिहिताना ‘आय बेग टु स्टेट’ असे म्हणत साहेबापुढे याचना करण्याची शैली तशीच पाठ केलेली होती. साहेब गेला, याचना पुष्कळ वर्षे मागे राहिली. ज्या लिपिकाला मराठीत टिपणी लिहिताना प्रकरणाचा नेमका मुद्दा दोन ओळींत मांडता येतो, तोच इंग्रजी पत्र लिहावयाचे म्हटले की जुन्या फाइलीतील मसुदा शोधू लागतो. त्याची बुद्धी कमी पडत नाही. इंग्रजीत आपले म्हणणे मांडावयाचे असते, दुसऱ्याचे उतरून काढावयाचे नसते, हे त्याला शाळेत कोणी सांगितलेलेच नसते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हटले, ते ती पिणाऱ्याच्या अंगी बळ येते म्हणून. ज्या शिक्षणाने विद्यार्थी आपल्या घराविषयी बोलण्यास लाजू लागतो, ते त्याला बळ देते असे कसे म्हणावे?

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, आणि महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. जिल्हा आणि पहिलीचे इंग्रजी हे जवळजवळ समवयस्क आहेत. त्या वेळी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आली आहेत. काही स्वतः शिक्षक झाली आहेत. इतकी वर्षे इंग्रजी शिकूनही बोलण्याचा धीर यावा म्हणून वेगळ्या वर्गाची पाटी शोधावी लागते, याचा अर्थ शब्द कमी पडले एवढाच नाही. जिल्ह्यातील मूल एका भाषेचे नाही. घरी पोवारी, गोंडी, हलबी किंवा झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी, गोंदियाच्या बाजारात आणि बालाघाट-राजनांदगावच्या वाटेवर हिंदी किंवा छत्तीसगढी, अशी त्याची रोजची ये-जा असते. एका भाषेतून दुसरीत जाण्याचे कौशल्य त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईत रात्रभर दंडार आणि नाटक पाहून आलेला हा मुलगा दुसऱ्या दिवशी सारे कथानक, पात्रांच्या आवाजासकट, मित्रांना सांगतो. वर्णन करण्याची कला त्याला येत नाही असे कोण म्हणेल? ती कला इंग्रजीच्या वर्गाच्या दाराबाहेर जोड्यांबरोबर काढून ठेवावी लागते, हे दुर्दैव आहे.

‘याला इंग्रजीत शब्द नाही’

दुसरा आक्षेप शिक्षक घेतील. औक्षण, रोवणी, पऱ्हे, मोहफुले, मंडई यांना इंग्रजी शब्द कोठून आणावयाचे? उत्तर असे की, जेथे शब्द नाही तेथे मूळ शब्द ठेवावा आणि एका वाक्यात तो समजावून सांगावा. असे समजावून सांगणे हा संभाषणाचा सर्वोत्तम सराव होय. इंग्रजीला याचे वावडे नाही. बंगला, लूट, चटणी हे शब्द तिने हिंदुस्थानातून उचलले. मुंगूस तर तिने थेट आपल्या मराठीतून नेले आणि ते आज जगभरच्या शब्दकोशांत सुखाने नांदत आहे. ज्या भाषेत मुंगूस मावते तिच्यात मंडई का मावू नये?

या जिल्ह्यानेच मराठीच्या बाबतीत असे उदाहरण घालून दिले आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांच्या या प्रदेशात, नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. तेथील ढिवर, गोंड आणि कोहळी लोकांकडून त्यांनी पक्ष्यांची, माशांची आणि झाडांची नावे ऐकली, टिपली आणि मराठी साहित्यात आणली. प्रमाण मराठीला शब्द नव्हते म्हणून ते थांबले नाहीत. ज्यांच्यापाशी शब्द होते त्यांच्याकडे ते गेले. पुढे २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते या रानातल्या शब्दसंपत्तीच्या बळावर. इंग्रजीच्या बाजूने पहावयाचे तर अरुण कोलटकरांचे ‘जेजुरी’ आहे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळालेल्या या इंग्रजी कवितासंग्रहाचा विषय लंडन नाही. खंडोबाचे देवस्थान, तिथली पडकी देवळे, पुजारी आणि रेल्वेचे स्थानक हा आहे. मराठी माणसाने जगाला इंग्रजीत काय सांगावे, याचे उत्तर त्यात आहे : जे त्याने पाहिले ते.

शिक्षणशास्त्रानेही याच दिशेला बोट दाखवले आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेला आढळले, की परक्या घरांची चित्रे असलेली वाचनपुस्तके तिच्या मुलांना पचत नाहीत. तिने प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा शब्द विचारण्यास सुरुवात केली. मूल भीतीचा, मायेचा, घरातल्या माणसाचा जो शब्द सांगे, तो ती एका कार्डावर लिहून त्याच्याच हाती देई. आणि असा शब्द मूल एकदा पाहून कायमचे ओळखू लागे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात तिने हा अनुभव मांडला. आपल्याकडे दक्षिणेतील काही शाळांत एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचा एक प्रयोग चालवला. त्यामागचा विचार असा, की विद्यार्थ्याचे लक्ष अर्थावर, हातातले काम सोडवण्यावर गुंतलेले असते तेव्हा भाषेचे रूप त्याच्या मनात आपोआप रुजते. न घडलेल्या गोष्टीच्या पाठांतरात अर्थाकडे लक्ष जाण्याचे कारणच उरत नाही.

शिक्षकाच्या हातचे

उपाय खर्चाचे नाहीत. त्यासाठी नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवे परिपत्रक लागत नाही. केकचा विषय वर्गात यावा; परंतु तो देताना शिक्षकाने एक वाक्य जोडावे : ‘केक नसेल तर जे होते ते सांगा.’ ‘मला केक मिळाला नाही’ हे उत्तर पूर्ण गुणांचे मानावे. विद्यार्थ्यांनी बोलण्यापूर्वी पाच मिनिटे दोघादोघांनी आपापल्या बोलीत ती आठवण एकमेकांना सांगावी. म्हणजे काय सांगावयाचे ते आधी ठरेल आणि मग कसे सांगावयाचे याचा विचार करता येईल. अडलेला शब्द फळ्यावर त्याच्या मूळ रूपात लिहावा आणि सगळ्या वर्गाने मिळून त्याचे इंग्रजी स्पष्टीकरण तयार करावे. ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचे बंधन घालावे. कारण संभाषणात अर्धे काम ऐकणाऱ्याचे असते, आणि खोट्या आठवणीला प्रश्न विचारले की ती फार वेळ टिकत नाही. विद्यार्थी बोलत असताना दर वाक्याला अडवून चूक दुरुस्त करू नये; त्याचे बोलणे संपल्यावर दोन-तीन महत्त्वाच्या चुका दाखवाव्यात.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे, अशी शंका येईल. रोज जमणार नाही. आठवड्यातून एकदा जमेल. ज्यांना एकट्याने वर्गापुढे उभे राहण्याचा संकोच वाटतो, विशेषतः मुली, त्यांना जोडीत बोलण्याची सोय अधिक उपयोगी पडते. आणि शिक्षकाने स्वतःपासून सुरुवात केली तर उत्तमच. १ जूनला जन्मलेले गुरुजी या जिल्ह्यात अजून थोडेथोडके नाहीत! आपल्या वाढदिवसाची हकीकत त्यांनी साध्या इंग्रजीत, एखाद-दुसऱ्या चुकीची पर्वा न करता सांगितली, तर मुलांची भीती निम्मी कमी होईल.

सत्य बोलावे, हे आपण मुलांना बालवाडीपासून सांगतो. इंग्रजीच्या तासाला मात्र या नियमातून सूट देतो, आणि सूट देताना त्यात काही गैर आहे असे आपल्या ध्यानीही येत नाही. हा काही नीतीचा बाऊ करण्याचा विषय नव्हे. कल्पनेने गोष्ट रचणे ही साहित्यातली मोठी शक्ती आहे, आणि ज्याला काल्पनिक केक रचावासा वाटतो त्याने तो हौसेने रचावा. परंतु रचणे वेगळे आणि लाजेपोटी दुसऱ्याचे उसने घेणे वेगळे. ज्या मुलाने आपल्या आईने लावलेल्या दिव्याविषयी दोन मिनिटे मोडक्यातोडक्या का होईना, पण स्वतःच्या इंग्रजीत सांगितले, त्याला उद्या आपल्या शेताविषयी, आपल्या कामाविषयी, आपल्यावर झालेल्या अन्यायाविषयीही त्या भाषेत बोलता येईल. ज्याने केवळ तीन मजली केक पाठ केला, तो त्या दोन मिनिटांनंतर पुन्हा मुका होईल. आपल्या मुलांना इंग्रजी शिकवताना या दोहोंपैकी कोणता विद्यार्थी आपल्याला हवा आहे, याचा निर्णय गोंदियातील शिक्षकांना आणि पालकांना करावा लागेल. आणि त्यासाठी कोणत्याही परीक्षामंडळाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.